ऑईल दुधाळ झालं? हेड उचलण्याआधी हे तपासा : डर्ट बाईकच्या कूलिंग सिस्टिममधली भेसळ कशी शोधायची

जुलै-ऑगस्टमध्ये वेल्हे, पानशेत, मुळशीकडून परतलेल्या गाड्यांची तक्रार ठरलेली असते. ऑईलच्या काचेत पाहिलं तर चहा दिसतोय, किंवा रेडिएटरचं झाकण काढलं तर वर तेलाचा तवंग आलाय. गाडी गॅरेजला जाते, कोणीतरी नुसतं बघून "हेड गॅस्केट गेलं" म्हणतं (हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधला सांधा बंद करणारी पट्टी), हेड उघडतं, गॅस्केट बदलतं, आणि दोन राईडनंतर ऑईल पुन्हा पांढरं होतं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक २५० सीसीची टू-स्ट्रोक आली. तिचं हेड दोनदा उघडून झालं होतं. दोष होता वॉटर पंपाच्या शाफ्टवर, नखाला लागेल एवढी चरी पडली होती.

या कामात गडबड होते ती क्रमात. लोक आधी ऑईल काढून टाकतात, रेडिएटर नळाखाली धुतात आणि मग विचार करायला बसतात. तोवर पुरावा गटारात गेलेला असतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका : आधी नमुने, मग बाहेरची पाहणी, मग दाबाची तपासणी, मग गॅसची, आणि पाना सगळ्यात शेवटी.

आधी एवढं समजून घ्या

तुमच्या गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, आहे ना? प्रश्न साधा वाटतो, पण एक्सपल्स २०० घेऊन "कूलंट ऑईलमध्ये जातंय" म्हणून आलेले लोक मी पाहिलेत. एक्सपल्स २०० किंवा जुन्या ४११ च्या हिमालयनमध्ये रेडिएटरसारखं जे दिसतं तो ऑईल कूलर आहे. तिथे ऑईल दुधाळ झालं तर पाणी बाहेरूनच आलेलं असणार. एक्सपल्स २१०, हिमालयन ४५०, केटीएम ३९० आणि जवळपास सगळ्या खऱ्या मोटोक्रॉस-एन्ड्युरो गाड्या लिक्विड कूल्ड आहेत. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

कूलंट आणि ऑईल एकमेकांना भेटू शकतील अशा जागा मोजक्याच आहेत.

पहिली जागा वॉटर पंपाचा शाफ्ट. याच्या एका टोकाला कूलंटमध्ये फिरणारा इम्पेलर (कूलंट ढकलणारं पंख्यासारखं चाक) असतो आणि दुसरं टोक ऑईलमध्ये. मध्ये दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूचं, एक ऑईलच्या बाजूचं. बऱ्याच गाड्यांमध्ये या दोन सीलांच्या मधून बाहेर उघडणारं एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. सील गेलं की गळती आत न जाता तिथून बाहेर यावी आणि तुम्हाला दिसावी, यासाठी.

दुसरी जागा हेड आणि सिलिंडरचा जोड. टू-स्ट्रोकमध्ये अनेकदा इथे गॅस्केटऐवजी दोन ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, असतात.

तिसरी जागा म्हणजे साईड कव्हरचं गॅस्केट किंवा कास्टिंगला गेलेला तडा. दगडावर गाडी जोरात आपटली असेल तर ही शक्यता वर येते.

चौथ्या जागेचा कूलंटशी संबंधच नाही : ब्रीदरची नळी, म्हणजे इंजिनातल्या हवेला बाहेर वाट देणारी नळी. गरम इंजिन ओढ्याच्या थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं टोक पाण्यात असेल तर पाणी सरळ आत ओढलं जातं. पुण्याच्या पावसाळ्यात दुधाळ ऑईल पाहिलं की माझा पहिला संशय याच्यावर असतो.

आता दाबाचं गणित, कारण निदानाचं अर्धं काम ते करतं. कूलिंग सिस्टिम गरम असताना आतला दाब झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत चढतो, साधारण १.१ ते १.८ बार. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समधल्या ऑईलला पंपाचा दाब नसतो. म्हणजे वॉटर पंपाचं सील गेलं तर कूलंट ऑईलमध्ये जाणार, ऑईल सहसा उलटं कूलंटमध्ये येणार नाही. मग टू-स्ट्रोकच्या रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आला कुठून? सिलिंडरमधून. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑईल जळण्याच्या दाबाने हेडच्या ओ-रिंगेवरून कूलंटमध्ये ढकललं जातं, आणि बरोबर पेट्रोलचा वासही येतो. फोर-स्ट्रोकचं तसं नाही. चालू इंजिनात ऑईलच्या वाहिन्यांतला दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, बंद केलं की तो लगेच शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब काही वेळ टिकतो. ऑईलची वाहिनी आणि कूलंटची वाट यांच्यामध्ये गळती असेल तर चालताना ऑईल कूलंटमध्ये आणि उभी असताना कूलंट ऑईलमध्ये, असं दोन्हीकडे मिसळतं.

१. तयारी

गाडी रात्रभर उभी ठेवा, साईड स्टँडवर नको, सरळ. दोन कारणं आहेत. गरम रेडिएटर उघडला तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. आणि रात्रभर स्थिर राहिल्यावर ऑईलमध्ये न मिसळलेलं पाणी तळाशी बसतं, ते सकाळी वेगळं पकडता येतं.

लागणाऱ्या वस्तू :
- काचेच्या सहा छोट्या बरण्या, स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या. ओल्या बरणीत घेतलेला नमुना फेकून द्या.
- चिकटपट्टी आणि मार्कर.
- मोठी सिरिंज आणि पारदर्शक नळी.
- टॉर्च, पांढरे टिश्यू, रबरी हातमोजे, चष्मा.
- टॉर्क रेंच आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. मॅन्युअल मोबाईलवर चालेल, अंदाज चालणार नाही.
- रेडिएटर प्रेशर टेस्टर. हा विकत घ्यायलाच हवा असं नाही, ओळखीच्या कार गॅरेजमध्ये मिळतो, पण डर्ट बाईकच्या लहान तोंडाला बसणारं अडॅप्टर आहे का ते आधी विचारा.

इशारा : नेहमीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. "बोटावर घेऊन चाखून बघ" हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. स्वयंपाकघरात परत जाणारं कुठलंही भांडं या कामाला घेऊ नका.

२. गाडीची हकीकत लिहून काढा

पाच मिनिटांचं काम, पण हेच टाळलं जातं. मागच्या दोन-तीन राईडमध्ये गाडी पाण्यात किती खोल गेली? पाण्यात बंद पडली किंवा आडवी झाली? कूलंटची पातळी उतरली का, किती? वाटेत कोणी बाटलीतलं, हापशाचं, ओढ्याचं पाणी टाकलं? शेवटचं कूलंट कोणत्या रंगाचं होतं? लिकेज बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकला होता? धुताना प्रेशर वॉशरची धार ब्रीदरवर किंवा एअर फिल्टरवर मारली?

सगळ्यात वजनदार उत्तर पातळीचं आहे. ऑईल दुधाळ आहे आणि कूलंट तसूभरही उतरलेलं नाही, तर आधी ब्रीदरकडे बघा. पानशेतच्या फुगवट्यात गाडी आडवी झालेला एक मित्र हेडचं किट विकत घेऊनच माझ्याकडे आला होता. रेडिएटर तोंडोतोंड भरलेला होता. ऑईल तीनदा बदललं, ब्रीदरची नळी टाकीखाली वर नेऊन बांधली, काम संपलं. किट अजून त्याच्या कपाटात आहे.

३. नमुने घ्या

क्रम असा ठेवा.

पहिला नमुना रेडिएटरच्या वरच्या थरातला. गाडी पूर्ण गार आहे याची खात्री करून झाकण काढा. काही ढवळू नका. सिरिंजने अगदी वरचं वीसेक मिली घ्या. तेल असेल तर ते इथेच तरंगत असतं.

दुसरा नमुना खोलातला. नळी आत सोडून खालचं कूलंट ओढा. गाळ, जेल, गंज इथे सापडतं.

तिसरा, गाडीला ओव्हरफ्लोची बाटली असेल तर तिच्यातला. काळे कण किंवा तेल आधी तिथे जमा होतात.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा : ऑईलची पहिली धार. ड्रेन बोल्ट सैल करून हाताने हळूहळू फिरवा आणि थेंब यायला लागले की पहिले दोन-तीन चमचे वेगळ्या बरणीत धरा. तळाशी बसलेलं पाणी असेल तर ते ऑईलच्या आधी बाहेर येतं, आणि त्याचा रंगच सांगतो की ते कूलंट आहे की ओढ्याचं गढूळ पाणी. बोल्ट एकदम काढला तर हा पुरावा भदकन ट्रेमध्ये पडून मिसळतो.

पाचवा, ऑईल निम्मं निघाल्यावरचा. आणि सहाव्या बरणीत तुमच्या डब्यातलं ताजं कूलंट, तुलनेसाठी.

प्रत्येक बरणीवर जागा आणि तारीख लिहा. मग झाकण लावून चोवीस तास हलवू नका.

तपासणी : इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असलेल्या गाड्या असतात, उदाहरणार्थ होंडाच्या जुन्या सीआरएफ ४५० आर. तिथे दोन्हीकडचे नमुने स्वतंत्र घ्या. कोणत्या बाजूचं ऑईल बिघडलं आहे यावरूनच शोध निम्मा होतो.

४. बरण्या वाचा

इथे घाई करू नका. सगळ्या लेखात मला हाच टप्पा तुमच्या गळी उतरवायचा आहे.

ऑईल दूध घातलेल्या चहासारखं आहे आणि चोवीस तासांनीही तसंच आहे : पाणी मिसळलेलं आहे. कोणतं पाणी, ते पुढे ठरवू.

ऑईल काढल्या काढल्या फिकट होतं, तासाभरात स्वच्छ झालं : तो हवेचा फेस होता. पाणी नाही.

ऑईल राखाडी, चमकदार, चांदीची पूड घातल्यासारखं आहे : हे क्लच बास्केटच्या किंवा प्लेटांच्या ॲल्युमिनियमचं काम. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये नेहमी दिसतं. यालाच लोक "पाणी मिक्स" समजतात. टिश्यूवर थेंब टाकून उन्हात तिरपा धरा, धातूचे कण चकाकतात. दुधाळ ऑईल चकाकत नाही.

फक्त ऑईलच्या झाकणाखाली किंवा काचेच्या वरच्या कडेला पिवळट साय, खालचं ऑईल मात्र साफ : पावसाळ्यात कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या फोर-स्ट्रोकमध्ये हे होतं. इंजिन नीट तापत नाही, आतल्या वाफेचं थंड जागी पाणी होतं. तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवा, पुसा, पुन्हा बघा.

आता ऑईलमधलं पाणी ओढ्याचं की कूलंट? तीन मार्ग आहेत.

एक, तळाशी बसलेल्या थराचा रंग. हिरवा, गुलाबी, निळा दिसला तर उत्तर मिळालं. गढूळ आणि खाली मातीचा थर असेल तर ओढा.

दोन, त्या थराचे चार थेंब काचेच्या तुकड्यावर टाकून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. पाणी उडून जातं आणि मागे धूळ राहते. ग्लायकॉल सहजी उडत नाही, चिकट-ओशट डाग तसाच राहतो. वर तेलाचा अंश आला असेल तर फसगत होते, म्हणून सिरिंजने तळाचंच घ्या.

तीन, अतिनील टॉर्च, नोटा तपासायला वापरतात तसला. बरीचशी हिरवी-पिवळी कूलंट त्याखाली चमकतात. पण आधी सहाव्या बरणीतल्या ताज्या कूलंटवर टॉर्च मारा. तेच चमकत नसेल तर या तपासणीला अर्थ नाही.

ऑईलमध्ये पाणी आहे की नाही हाच संशय असेल, तर भंगारातला एक लोखंडी पत्रा चांगला तापवून त्यावर ऑईलचा एकच थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीसारखं तडतडतं. हे उघड्यावर करा, चष्मा लावून, आणि धूर नाकात घेऊ नका.

कूलंटच्या बरण्यांकडे वळू.

वर इंद्रधनुषी तवंग आणि पेट्रोलचा वास, गाडी टू-स्ट्रोक : हेडच्या ओ-रिंगा. पुढच्या गॅसच्या तपासणीत हे पक्कं करा.

वर घट्ट, तपकिरी, लोण्यासारखा थर, गाडी फोर-स्ट्रोक : ऑईल आणि कूलंटच्या वाटा कुठेतरी जोडल्या गेल्या आहेत.

काळे कण : बोटांत चोळा. काजळीसारखी रेघ उमटली तर ज्वलनाचा कार्बन. रबरासारखे तुटले तर जुना पाईप आतून सोलतोय.

जेली किंवा चिकट गोळे : दोन न जुळणारी कूलंट एकमेकांत ओतली गेली आहेत. रंग एकच म्हणून जात एक, असं समजू नका. रंग हा कंपनीने घातलेला असतो, आतली रसायनं वेगळी असू शकतात.

पांढरा, खरखरीत साका : बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार, त्यात ॲल्युमिनियमच्या गंजाची भर. तांबूस गाळ असेल तर तो बहुधा बाहेरून आलेला, कोणीतरी टाकीचं नाहीतर ओढ्याचं पाणी टाकलेलं. या इंजिनांत कूलंट जिथून फिरतं तो भाग बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो.

पीएच पट्टीही एकदा बुडवून बघा. चांगलं कूलंट अल्कधर्मी असतं. सातच्या खाली गेलं तर त्यातली गंजरोधक रसायनं संपली आहेत. ज्वलनाचा गॅस सतत आत येत असेल तरी कूलंट आम्लाकडे झुकतं.

५. बाहेरून पाहणी

वॉटर पंपाखालचं ते बारीक भोक शोधा. चिखलाने बुजलेलं असतं, आणि बुजलेलं भोक म्हणजे गळतीला बाहेरची वाट बंद. तारेने हलकेच मोकळं करा. खाली टिश्यू बांधा, काढलेलं ऑईल आणि कूलंट पुन्हा भरा आणि मगच गाडी चालवा. कूलंट दिसलं तर पाण्याच्या बाजूचं सील, ऑईल दिसलं तर ऑईलच्या बाजूचं. काही गाड्यांना हे भोकच नसतं. तिथे सील गेलं की गळती थेट आत जाते.

ब्रीदरची नळी टोकापर्यंत तपासा. कुठे उघडते, चिरली आहे का, निखळली आहे का. पाईप, क्लॅम्प, रेडिएटरच्या जाळ्या यांच्याकडे नजर टाका. वाळलेल्या कूलंटचा रंगीत डाग लपत नाही.

६. दाबाची तपासणी

कूलंट तोंडापर्यंत भरा, टेस्टर लावा, झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्या. त्याच्यावर नाही. "थोडा जास्त दिला तर लवकर कळेल" म्हणून दाब वाढवून चांगलं सील आणि रेडिएटरची जोडणी फोडलेली उदाहरणं आहेत. पंधरा मिनिटं थांबा.

काटा स्थिर राहिला : छान, पण इथे थांबू नका. शाफ्ट फिरत असतानाच गळणारं सील उभ्या गाडीत अगदी घट्ट वाटतं. स्पार्क प्लग काढा आणि दाब तसाच ठेवून किक हळूहळू दाबत इंजिन वीस-तीस वेळा फिरवा. किक नसेल तर वरच्या गिअरमध्ये मागचं चाक फिरवा. आता काटा बघा.

काटा उतरला आणि बाहेर ओल आली : दोष सापडला, क्लॅम्प किंवा पाईप.

काटा उतरला, बाहेर सगळं कोरडं : गळती आत आहे. आता दोन ठिकाणी बघा. ऑईल पुन्हा काढा आणि ड्रेन बोल्टच्या भोकाखाली स्वच्छ टिश्यू धरून अर्धा तास दाब टिकवा. टिश्यूवर कूलंट आलं तर वॉटर पंप किंवा कव्हर, फोर-स्ट्रोकमध्ये हेडचं गॅस्केटही असू शकतं. टिश्यू कोरडा राहिला तर पिस्टन खाली घेऊन प्लगच्या भोकातून टॉर्चने किंवा मोबाईलला जोडायच्या बारीक कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा पाहा. तिथे रंगीत थेंब असेल तर हेड.

इशारा : पिस्टनवर कूलंट दिसलं असेल तर प्लग लावून किक मारू नका. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढूनच इंजिन फिरवा आणि आतलं सगळं बाहेर येऊ द्या.

७. ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये येतोय का

वरची तपासणी पास झाली म्हणून हेड निर्दोष ठरत नाही. टेस्टर देतो एक-दीड बार, ज्वलनाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. कूलंट आत येत नाही पण गॅस बाहेर जातो, अशा ओ-रिंगा भरपूर सापडतात.

गार इंजिन, ऑईल भरलेलं, झाकण उघडं, कूलंट तोंडाशी. इंजिन सुरू करा आणि फक्त पहिलं दीड-दोन मिनिट बघा. अडकलेल्या हवेचे चार-दोन बुडबुडे येऊन थांबतात. थांबत नाहीत, ॲक्सिलरेटरबरोबर वाढतात किंवा कूलंट उसळून बाहेर येतं, तर गॅस आहे. तापायच्या आत इंजिन बंद करा. तापलेल्या कूलंटचे बुडबुडे काहीच सांगत नाहीत आणि हात मात्र भाजतो.

पक्कं करायचं तर कार गॅरेजमधला निळ्या द्रावणाचा टेस्टर वापरा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली जाते आणि ज्वलनाचा कार्बन डायऑक्साईड असेल तर निळं द्रावण पिवळं पडतं. आधी कूलंट थोडं कमी करा, ते टेस्टरमध्ये ओढलं गेलं तर द्रावण वाया जातं.

कंप्रेसर असेल तर आणखी एक मार्ग आहे. पिस्टन बरोबर वर आणा, फोर-स्ट्रोक असेल तर कॉम्प्रेशनच्या फेरीत. प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि रेडिएटरमध्ये बघा. हवा पिस्टनला खाली ढकलते, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कोणालातरी धरायला लावा आणि किकच्या रेषेत पाय ठेवू नका.

८. आता पाना

इथवर आलात तर नेमकं काय उघडायचं ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही उघडू नका.

वॉटर पंप : इम्पेलर काढण्याआधी बोटांनी हलवून शाफ्टला खेळ आहे का बघा. खेळ असेल तर बेअरिंगही घ्या, नाहीतर नवं सील महिन्यात जाईल. शाफ्ट बाहेर काढून सील बसतं त्या जागी नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बदलायचा. एमरी मारून गुळगुळीत करणं हा उपाय नाही, त्याने व्यास कमी होतो. दोन्ही सील एकदम बदला. जुनं काढण्याआधी कोणती बाजू आत आहे त्याचा फोटो घ्या. उलटं बसलेलं सील ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. नवं सील त्याच मापाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवा, कडेने स्क्रूड्रायव्हर ठोकून नाही. नाना पेठेत सील घेताना जुनं सील सोबत न्या आणि त्यावर छापलेले तिन्ही आकडे जुळवा : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पण खास यांत्रिक सील असेल तर कंपनीचंच मागवा. मापाने जुळणारं साधं ऑईल सील तिथे टिकत नाही.

हेड : गार इंजिनावर बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने सैल करा. उचलल्यावर पुसू नका, आधी वाचा. पिस्टनच्या माथ्यावर बाकी काळा आणि एकच भाग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर कूलंट तिथून येत होतं. ओ-रिंगेवर किंवा गॅस्केटवर काळी रेघ आरपार गेली असेल तर गॅस तिथून जात होता. फोटो काढा. मग स्वच्छ करून सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) हेड आणि सिलिंडर दोन्हीची सपाटी बघा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक ठिकाणी ०.०५ ते ०.१० मि.मी. भोसरीत फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट, करून मिळतं, पण "एक हात मारून द्या" असं सांगू नका. जेवढं हेड घासलं जाईल तेवढं कॉम्प्रेशन वाढतं. किती काढायचं ते आकड्यात लिहून द्या. बसवताना टॉर्क रेंच आणि मॅन्युअलमधला क्रम.

गॅस्केटवर सिलिकॉनचा थर लावू नका. जादा सिलिकॉन सुटून कूलंटच्या बारीक वाटेत अडकतं.

९. धुणं आणि भरणं

ऑईलमध्ये पाणी गेलं असेल तर : स्वस्त पण योग्य ग्रेडचं ऑईल भरा, पाच-सात मिनिटं चालवा, गरम असतानाच काढा. स्वच्छ येईपर्यंत, साधारण दोन-तीन वेळा. फिल्टर दरवेळी. कूलंट गेलं होतं अशी खात्री असेल तर क्लच प्लेटा काढून बघा. ग्लायकॉलमध्ये मुरलेल्या प्लेटा घसरायला लागतात. पाण्यासकट आठवडाभर उभी ठेवलेली गाडी असेल तर बेअरिंगवर गंज आहे का तेही बघा.

कूलंटमध्ये ऑईल गेलं असेल तर : कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण थोडासाच घाला, इंजिन तापेपर्यंत चालवा, गार करून काढा. मग साध्या पाण्याने, फेस पूर्ण जाईपर्यंत. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. तेलाने फुगलेले पाईप मऊ लागतात, ते बदला.

इशारा : क्षार काढायला संडास साफ करायचं ॲसिड कधीही टाकू नका. ते ॲल्युमिनियम खातं, आणि रेडिएटरच्या नळ्या फार पातळ असतात.

पुण्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंट आणि झाकणाचा दाब मिळून ही मर्यादा बरीच वर नेतात, आणि गंजरोधक रसायनं साध्या पाण्यात नसतात. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. घट्ट कूलंट असेल तर निम्मं-निम्मं, बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात. ॲसिड मिसळलेलं बॅटरीचं पाणी नाही ना, ते लेबलवर वाचा.

भरताना पुढचं चाक उंच करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल ठेवा, पाईप हाताने दाबत राहा. किती बसतं ते मॅन्युअलमध्ये असतं. त्यापेक्षा बरंच कमी बसलं तर आत हवा अडकली आहे.

१०. खात्री

दहा मिनिटं जागेवर चालवा, गार करा, पातळी पुन्हा पूर्ण करा. मग अर्ध्या तासाची राईड, घराजवळच. लगेच ताम्हिणीला जाऊ नका, आणि पाण्यात तर मुळीच नाही, नाहीतर पुन्हा ओढा की कूलंट हा घोळ सुरू होईल. रात्रभर उभी ठेवून सकाळी पातळीची खूण तपासा, रेडिएटरच्या वरच्या थराचा आणि ऑईलच्या पहिल्या धारेचा नमुना घ्या. दुसरी, तिसरी राईड झाल्यावर हेच पुन्हा करा. तिन्ही वेळा बरणी स्वच्छ आणि पातळी जागेवर असेल तर काम झालं. धुताना कोपऱ्यात राहिलेल्या ऑईलमुळे पहिल्या नमुन्यात किंचित धूसरपणा दिसू शकतो, तो दुसऱ्यात कमी व्हायला हवा. वाढला तर सहाव्या टप्प्यावर परत जा.

काढलेलं जुनं कूलंट त्याच दिवशी झाकणाच्या कॅनमध्ये भरून "विष" असं लिहा आणि वापरलेलं ऑईल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका, नाल्यात ओतू नका, आणि उघडा ट्रे पार्किंगमध्ये रात्रभर ठेवू नका. गोड चवीमुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांच्या किडन्या निकामी होतात.